वरच्या फांदीवरचा शब्द

एका जंगलात, ओढ्याच्या अलीकडे जिथं करवंदाच्या जाळ्या दाट आहेत, तिथं सातभाईंचं एक कुटुंब राहत असे. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे, फिकट डोळ्यांचे, सदा एकमेकांवर चिडल्यासारखे दिसणारे पक्षी. त्यांना सातभाई म्हणतात, पण त्यांत बहिणीही असतात, आयाही असतात, आणि सातच असतात असंही काही नाही. कोणी एकानं कधीतरी सात पाहिले असतील आणि नाव पडलं. एकदा पडलेलं नाव कोण बदलत बसतं?

आता लेकरांनो, या पाखराची एक अडचण नीट ध्यानात घ्या. पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. सातभाई जमिनीवर चरतो. वाळलेलं पान चोचीनं उलटायचं, खालचा किडा टिपायचा, मग शेजारचं पान उलटायचं. हे करताना मान खाली असते. मान खाली असली की आकाश दिसत नाही. आणि आकाशात पाखरांवर झडप घालणारा शिक्रा असतो. मान वर ठेवली तर जीव वाचतो पण पोट भरत नाही. मान खाली घातली तर पोट भरतं पण जिवाचा भरवसा नाही. एवढ्याशा जिवाला मान मिळाली आहे एकच.

मग हे काय करतात? एकजण उंचावर बसतो आणि बाकीचे चरतात. त्या जंगलात सालईचं एक झाड होतं. त्याची एक फांदी वाळून सरळ बाहेर आली होती. त्या फांदीवर या कुटुंबाची थोरली बसत असे. बाकीच्यांपैकी कोणी तिची लेकरं होती, कोणी लेकरांची लेकरं. सगळे तिला आईच म्हणत.

थोरली वर बसली की एक बारीकसा आवाज काढत राहायची. गाणं नव्हे, हाकही नव्हे. आपण कोणाशेजारी बसलो की ‘हं, हं’ करतो ना, तसा. सातभाईंच्या भाषेत त्या आवाजाचा अर्थ होता, “आहे.”

“आहे... आहे... आहे...”

दिवसभर एवढंच. मी आहे, आणि आकाश मोकळं आहे. हा आवाज कानावर पडत राहिला की खालच्यांच्या माना आपोआप खाली जात. पानं फडाफड उलटली जात. मध्येच दोघांची एका किड्यावरून झोंबाझोंबी होई, तिसरा तो किडा घेऊन पसार होई. सगळं कसं बिनघोर.

आणि आता त्यातलं नवल बघा. शिक्रा दिसला तर थोरली ओरडायची नाही. ती फक्त थांबायची. “आहे... आहे...” आणि मग काहीच नाही. तो आवाज थांबला रे थांबला की पापणी लवायच्या आत सगळं कुटुंब करवंदाच्या काट्यांत. कोणाला सांगावं लागत नसे, कोणी विचारत नसे. शिक्रा वरून जायचा तेव्हा खाली नुसती पानं हलत असायची. अंड्यातून बाहेर आल्यावर पोरांना पहिली शिकवण हीच मिळे. आईचा आवाज थांबला, की काट्यांत.

अशी कित्येक वर्षं गेली. मग थंडीच्या सुरुवातीला एके दिवशी थोरली भर सकाळी फांदीवरून खाली आली.

“आई, काय झालं?” सगळे गोळा झाले.

“काही नाही,” थोरली म्हणाली. “माझ्या डोळ्यांवर जाळं आलंय. काल मी एका वाळक्या पानाला शिक्रा समजले आणि तुम्हाला काट्यांत पळवलं.”

“तरीच!” एकजण म्हणाली. तिचं तोंड भारी चालायचं, म्हणून तिला सगळे फटकळ म्हणत. “तरीच म्हटलं, हा शिक्रा इतका हळू कसा उतरतोय!”

सगळे हसले. थोरलीही हसली. मग म्हणाली, “पानाला शिक्रा समजले तोवर ठीक आहे. उद्या शिक्र्याला पान समजेन. आता दुसऱ्या कोणीतरी वर बसायला हवं.”

हसू थांबलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी गेल्या. त्या कुटुंबात एक दांडगा होता. छाती भरलेली, चोच बळकट, आवाज असा की ओढ्यापलीकडे ऐकू जावा. गेल्या उन्हाळ्यात घरट्याशी आलेल्या कावळ्याला त्यानं एकट्यानं हाकललं होतं. मनाचाही वाईट नव्हता. टिपलेला किडा लहानांना देताना सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं. वर बसायला त्याच्याहून चांगला कोण मिळणार?

“मी बसतो,” दांडगा म्हणाला. “तुम्ही खुशाल चरा. माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटणार नाही.”

तो सालईच्या फांदीवर जाऊन बसला. ऐटीत. छाती पुढे, चोच वर. सूर्य त्याच्या पाठीवर आला तेव्हा तो खरोखरच मोठा दिसत होता.

खाली सगळ्यांनी माना घातल्या. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. आणि मग एकेकाची मान वर यायला लागली.

“दादा,” खालून एकानं विचारलं, “आहेस का रे?”

“आहे की! दिसत नाही का?”

परत माना खाली. परत एक पान. परत मान वर.

“दादा, तू काही बोलत नाहीस...”

“बोलायचं काय? आलं काही तर सांगेन ना!” दांडगा वरून म्हणाला. “तोवर उगाच चिवचिव कशाला? मी काय चिमणी आहे?”

“बसलाय बघा, देवळाच्या कळसासारखा,” फटकळ पुटपुटली. “शोभा तेवढी आहे.”

दांडग्यानं आपलं काम चोख केलं हं. तसं म्हणायला जागा नाही. पहिल्याच दिवशी त्यानं शिक्रा लांबून हेरला, मोठ्यानं ओरडला, आणि सगळे वाचले. दुसऱ्यांदाही तसंच झालं. कोणाचं पीससुद्धा गळलं नाही. पण पोटं भरेनात. दर पानामागे एकदा मान वर करून वर बघायचं, तो आहे ना ते पाहायचं, मग पुढचं पान. अर्धा दिवस बघण्यात जायचा. किडे काही कोणासाठी थांबत नाहीत.

संध्याकाळी सातभाई एकाच फांदीवर अंगाला अंग लावून ओळीनं बसतात. मधल्यांना दोन्हीकडून ऊब मिळते. कडेला बसतो त्याच्या एका अंगाला वारा लागतो. दांडगा आला की सगळे सरकून त्याला मधली जागा देत. वरचा म्हणून मान. आणि तोही बसे. थोरली आपल्या नेहमीच्या जागी, कडेला. ती तिथं कधीपासून बसत होती ते कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

थंडी वाढत गेली तशी ती ओळ आखूड दिसायला लागली. कोणी कमी झालं नव्हतं. सगळेच बारीक झाले होते. पिसं कितीही फुगवली तरी आत जीव केवढासा उरलाय ते शेजारच्याला कळत होतं.

एका संध्याकाळी दांडग्याला राहवेना. तो मधली जागा सोडून थोरलीजवळ गेला. चिडलेला होता, पण आतून घाबरलाही होता.

“आई, यांचं काय बिनसलंय? मी डोळ्यांत तेल घालून राखतो. एकालाही ओरखडा येऊ दिला नाही. आणि हे खातच नाहीत! सारखे माना वर करतात. यांचा माझ्यावर विश्वासच नाही.”

थोरलीनं आधी विस्कटलेली पिसं नीट केली. तिला कधीच घाई नसायची.

“तू वर आहेस हे तुला माहीत आहे,” ती म्हणाली. “त्यांना कुठून कळणार? त्यांची मान खाली आहे.”

“पण मी गेलो नाही, तर असणारच ना तिथं!”

“हो. पण ते दर वेळी बघूनच कळतं. आणि बघायला लागलं की खाणं राहतं.”

दांडग्यानं एकदा खालच्या पानांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे दिवसभर तेच ते म्हणायचं? आहे, आहे, आहे? जीभ दुखेल की.”

“दुखते.”

“तू वर बसून दिवसभर विचार तरी कसला करायचीस?”

“भुकेचा,” थोरली म्हणाली. “खालची पानं उलटताना ऐकू येतात ना. फार वाईट वाटतं पहिले पहिले.”

दांडगा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला.

दुसऱ्या सकाळी तो फांदीवर बसला. छाती पुढे काढली नाही. इकडेतिकडे नीट बघितलं आणि त्या ओढ्यापलीकडे जाणाऱ्या आवाजाला जमेल तितकं बारीक करून म्हणाला, “आहे.”

खाली एकदम शांत झालं.

“आहे... आहे...”

फटकळनं मान वर करून पाहिलं. “अरे, कळसाला वाचा फुटली!” ती म्हणाली. आणि दुसऱ्या क्षणी तिची मान खाली गेली ती बराच वेळ वर आली नाही. पानं उलटायचा आवाज वाढत वाढत गेला, फडफड, फडफड, जसा पूर्वी असायचा तसा. दांडगा वर बसून ते ऐकत राहिला. आपल्या एका शब्दावर एवढ्या माना विसावतात, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि हो, भूकही लागली. सपाटून.

सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, तेवढ्यात धुकं आलं.

त्या जंगलात धुकं नवं नव्हतं. थंडीत सकाळी ओढ्यावरून ते उठायचं, सूर्य वर आला की जायचं. तोवर सातभाई जाळीत बसून राहायचे. पण त्या खेपेला ते गेलंच नाही. सूर्य कुठं आहे तेही कळेना. सगळा दिवस पांढरा गेला आणि सगळ्यांनी तो उपाशी काढला. रात्री अंगाला अंग लावूनही ऊब येईना, कारण ऊब पोटातून यावी लागते. दुसरी सकाळ उजाडली ती तशीच पांढरी. आता मात्र बसून चालणार नव्हतं. अजून एक दिवस उपाशी गेला, तर पुढच्या रात्री ओळीतले किती जण फांदीवर टिकतील, याची कोणालाच खात्री नव्हती.

दांडगा चाचपडत सालईच्या फांदीवर गेला. बसला. बघितलं. त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसेनात.

खाली सगळे जाळीच्या तोंडाशी येऊन उभे होते. कान वर लावून. ते फक्त एका शब्दाची वाट बघत होते.

लेकरांनो, किती सोपं होतं बघा. एकदा “आहे” म्हटलं की झालं. सगळे बिनघोर चरले असते. दादा किती चांगला म्हणाले असते. आणि तो खोटंही बोलला नसता, तो होताच की तिथं! त्याची चोच उघडलीसुद्धा. “आ...” एवढं बाहेर आलंसुद्धा.

आणि तो थांबला. त्या शब्दात दोन गोष्टी होत्या. मी आहे, आणि आकाश मोकळं आहे. पहिली खरी होती. दुसरी त्याला ठाऊक नव्हती. आजवर त्या कुटुंबात कोणीही अर्धा खरा “आहे” म्हटला नव्हता.

“मी आहे,” दांडगा वरून म्हणाला. “पण मला काही दिसत नाही.”

खाली कोणी हललं नाही. वरून असं कधी कोणी बोललंच नव्हतं.

मग फटकळ बोलली. “दिसत नाही तर वर कशाला बसलायस? फांदी गरम करायला? ये खाली!”

कोणीतरी फिसकन हसलं. त्या पांढऱ्या उपाशी सकाळी ते हसणं ऐकून सगळ्यांनाच बरं वाटलं. दांडगा खाली आला.

“मला पायापलीकडचं दिसत नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला कोणाला दिसतंय का?”

“मला पण माझ्या पायापुरतंच दिसतं,” फटकळ म्हणाली. “चार पानं इकडे, चार पानं तिकडे.”

दांडगा तिच्याकडे बघत राहिला.

“मग तेवढं तू सांग,” तो म्हणाला.

“काय सांगू?”

“आहे म्हण. तुझ्या चार पानांपुरतं. ह्यानं त्याच्या चार पानांपुरतं म्हणावं. मी माझ्या. एकाला सगळं दिसत नाही, पण आपण गोल करून उभे राहिलो तर...” त्याला पुढचं नीट सांगता येईना. “म्हणजे, आज सगळेच वरचे.”

“आणि मी?” थोरलीनं मागून विचारलं. “मला चार पानंही दिसत नाहीत. पण ऐकू चांगलं येतं. मला ओढ्याच्या बाजूला ठेवा. तिकडून कोणी आलं तर पानं वाजतील.”

दांडग्याला ते आवडलं नाही. पण थोरली कोणाच्या आवडीसाठी बोलत नसे. ती ठुमकत ठुमकत ओढ्याच्या बाजूला गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. तिचा आवाज तेवढा आला, “आहे...”

मग फटकळचा आला, “आहे...” मग एका धाकट्याचा. मग पलीकडून आणखी एक. मग दांडग्याचा, जाडसर. असं करत करत त्या पांढऱ्या धुक्यात आवाजाचं एक कडं तयार झालं. कोणी कोणाला दिसत नव्हतं. पण कोण कुठं आहे ते प्रत्येकाला कळत होतं. एक आवाज जायचा, दुसरा उठायचा, तिसरा त्याला मिळायचा, ज्याची पाळी त्याची मान वर, बाकीच्यांच्या खाली, आणि मधल्या जागेत पानं उलटत होती. फडफड... आहे... फडफड... आहे... त्या दिवशी कोणी तिथं जाऊन उभं राहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, हे धुकंच श्वास घेतंय. मुठीत मावतील एवढाले जीव, आणि त्यांनी न दिसणाऱ्या जंगलाला कुंपण घातलं होतं!

पहिले किडे पोटात गेले. अंगात जरा धग आली. आणि तेवढ्यात कड्याचा एक तुकडा गळून पडला.

ओढ्याच्या बाजूचा आवाज थांबला होता. थोरलीचा.

आता इथं लेकरांनो, जरा थांबा आणि त्या पाखरांच्या जागी उभे राहा. अंड्यातून बाहेर आल्यापासून त्यांना काय शिकवलं होतं? आईचा आवाज थांबला, की काट्यांत. विचार करायचा नाही, विचारायचं नाही. ही गोष्ट त्यांच्या डोक्यात नव्हती, पंखांत होती. एकेकाचे पंख अर्धे उघडले. माना जाळीकडे वळल्या. दांडग्याचेसुद्धा पाय जमिनीवरून सुटले होते, जाळीच्याच दिशेनं.

सुटलेल्या पायांनीच तो वळला.

“आहे!” तो ओरडला. तो आवाज आता बारीक नव्हता. ओढ्यापलीकडे जाणारा त्याचा खरा आवाज होता तो. “मी आहे! मी आहे!” असं ओरडत तो त्या आवाज नसलेल्या जागेकडे, काही दिसत नसताना, सरळ धुक्यात घुसला.

फटकळनं ते ऐकलं. तिला तो दिसला नाही, पण आवाज जाळीकडे जात नव्हता, ओढ्याकडे जात होता. “मेला!” ती म्हणाली, आणि त्याच्या मागे सुटली. “आहे! आहे!” तिच्या मागे आणखी दोघं. मग चौघं. मग सगळेच.

तिकडे एक रानबोका होता. ओढ्याच्या ओल्या वाळूवरून आला होता, म्हणून एकही पान वाजलं नव्हतं. त्यानं थोरलीला पंज्याखाली दाबलं होतं आणि तिची शेपटी त्याच्या तोंडात होती. थोरली जिवंत होती. पण पंज्याखाली आवाज फुटत नाही.

दांडगा बोक्याच्या कानावर आदळला. बोक्यानं डोकं झटकलं. तोवर फटकळ त्याच्या नाकावर. मग पाठीवर एक, मानेवर दुसरा, डोळ्यांसमोर तिसरा. एका सातभाईला बोका काय भिणार? दोन फटक्यांत निकाल लागला असता. पण त्यालाही धुक्यात दिसत नव्हतं ना! त्याला फक्त ऐकू येत होतं. डावीकडून “आहे!” उजवीकडून “आहे!” वरून “आहे!” मागून “आहे!” जणू सगळं जंगल त्याच्यावर ओरडत होतं, आणि दर आवाजाला एक चोच होती. त्यानं तोंड उघडलं, पंजा उचलला, आणि जो पळाला तो ओढा ओलांडून गेला.

थोरली पिसं विस्कटून वाळूत पडली होती. सगळे भोवती जमले.

मग थोरली उठून बसली. मागे वळून बघितलं. शेपटी नव्हती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “बसताना मध्येच यायची.”

फटकळला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

“पण तुम्ही आलात कसे?” थोरलीनं विचारलं. आता तिचा आवाज कडक होता. “माझा आवाज थांबला की काय करायचं असतं? काट्यांत पळायचं असतं. इतकी वर्षं काय शिकवलं मी तुम्हाला?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दांडग्याला अजून धाप लागली होती.

“आई,” तो म्हणाला, “तू वर असताना थांबलीस, तर पळायचं. तू खाली असताना थांबलीस, तर यायचं.”

थोरलीनं आपले जाळं आलेले डोळे त्याच्याकडे वळवले. तिला तो दिसत नसावा. तरी ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

“हे मला माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

दुपारनंतर वारा सुटला आणि धुकं फाटलं. आधी सालईचा शेंडा दिसला, मग फांदी, मग सगळं झाड. उन्हाची तिरीप पानांवर पडली तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच बघतायत. दांडगा उडून फांदीवर जाऊन बसला. आकाशभर नजर फिरवली. पुन्हा फिरवली. मगच म्हणाला, “आहे.”

आणि नवल बघा, खालून उत्तर आलं. फटकळनं दिलं. तोंडात किडा होता म्हणून बोबडं, पण दिलं. “आहे.” मग दुसऱ्यानं दिलं. असं उत्तर त्या कुटुंबात आधी कधी कोणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे फांदीवर ओळीनं बसले. रिवाजाप्रमाणे मध्ये जागा सोडलेली होती. दांडगा आला. त्यानं ती जागा पाहिली. मग तो ओळीच्या टोकाला गेला, जिथं थोरली बसायची, आणि तिला चोचीनं हळूच आत ढकललं.

“अरे, इथं वारा लागतो,” थोरली म्हणाली.

“माहीत आहे,” तो म्हणाला, आणि तिच्या बाहेरच्या बाजूला, अगदी कडेला, अंग चिकटवून बसला. अंधार पडेपर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता, जवळच्यालाच ऐकू जाईल इतका बारीक.

“आहे... आहे...”

तात्पर्य : ज्याला वर बसवलं, त्यानं आपण आहोत हे खालच्यांना सांगत राहावं, आणि दिसेनासं झालं तर तेही त्याच तोंडानं सांगावं, मग त्याचे दोन डोळे हरले तरी सगळ्यांचे डोळे त्याचे होतात.